तिनं काय लिहिलं आणि काय नाही

पत्र असं आहे:

‘ताई, मी बेळगावात अनगोळला राहतो. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सव्वीस वर्षं पॅटर्नमेकर आहे. ड्रॉइंग हातात आल्याशिवाय मी लाकडाला हात लावत नाही आणि पॅटर्नशिवाय, म्हणजे लाकडी नमुन्याशिवाय, वाळूचा साचा होत नाही. घरात माळ आहे, वडिलांपासून. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिनं प्रोजेक्ट म्हणून कॉम्प्युटरवर ठिपक्यांचे जीव केलेत. सुरुवातीला ते वेड्यासारखे फिरतात. चारशे पिढ्या गेल्या की हिरव्या ठिपक्याकडे खायला नीट जातात, तांबड्यापासून पळतात. गणपतीत पाहुण्यांसमोर ती म्हणाली, “बघा, कोणी न बनवता बनलं. देवाची गरजच नाही.” मी म्हटलं, “अगं, प्रोग्रॅम तूच लिहिलास की! म्हणजे बनवणारा आहेच.” शब्दानं शब्द वाढला. असलंच शिकायचं असेल तर कॉलेज बंद, असं मी रागात बोलून गेलो. दीड महिना झाला. ताट वाढते, पण बोलत नाही. प्रदर्शनात लॅपटॉपशेजारी “माणसानं बनवलेली वस्तू” म्हणून ठेवायला तिनं माझा पहिला पॅटर्न मागितला होता. पंपाच्या केसिंगचा, सागवानी. राइजरची, म्हणजे साच्यात जादा धातू साठवणाऱ्या भागाची, जागा तीनदा बदलल्याच्या पुट्टीच्या खुणा अजून आहेत त्यावर. मी दिला नाही. खरं कोणाचं? आणि माझं काय चुकलं? – एक बाप’

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली: ‘प्रोग्रॅम तूच लिहिलास की!’ भांडण तिथं सुरू झालं, आणि ते सुटेल तेही तिथंच.

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. उत्क्रांतीचा धडा आला की वर्गातून कोणीतरी हे विचारायचंच: सर्व काही आपोआप कसं होईल? आणि विचारणारं पोर बहुतेक वेळा सुताराचं, गवंड्याचं, कुंभाराचं असायचं. ज्याच्या घरी वस्तू हातानं घडते त्यालाच हा प्रश्न आधी पडतो. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या परंपरेत, हाच मुद्दा हजारेक वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी मांडला. घडा दिसला की कुंभार असलाच पाहिजे. जगही घडलेलं आहे, तेव्हा त्याचाही कोणी कर्ता असला पाहिजे. इंग्लंडात विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये घड्याळाचं उदाहरण देऊन तेच म्हटलं. खानापूरला चाकावर मडकं वळणाऱ्या माणसासमोर उभं राहून ‘हे आपोआप झालं’ असं कोणी म्हणणार नाही. तेव्हा तुमचा प्रश्न अडाणीपणाचा आहे असं मुलीनं समजू नये, आणि तुम्हीही समजू नका.

पण मडक्यात आणि जिवात एक फरक आहे. मडक्याला पिल्लं होत नाहीत. तुम्ही ओतलेल्या केसिंगला दुसरं केसिंग होत नाही. प्रत्येक वेळी पॅटर्न लागतो, वाळू लागते, तुम्ही लागता. जीव स्वतःची नक्कल स्वतः काढतो. नक्कल काढताना बारीकसारीक चुका होतात. बहुतेक चुका बाधतात, काही नुसत्याच राहतात, आणि एखादीनं जगणं थोडं सोपं होतं. जी सोपं करते तिच्या नकला जास्त निघतात. सारा खेळ एवढ्यावर चालतो. घड्याचं आणि घड्याळाचं उदाहरण जिवाला लावताना ही एवढी गोष्ट सुटून जाते.

आता मुलीच्या प्रोग्रॅमकडे या. माझं ऐका, एका संध्याकाळी तिला तो उघडायला सांगा आणि ओळ न् ओळ वाचून दाखवायला सांगा. मला वाटतं तुम्हाला काय सापडेल ते मी इथूनच सांगू शकते. ठिपका एक पाऊल हलला की त्याची ताकद किती कमी होते. हिरवं खाल्लं की किती वाढते. ताकद संपली की मेला. ताकद भरपूर झाली की त्याचे दोन झाले, आणि दोन होताना त्याच्या आतल्या आकड्यांत थोडा फेरफार झाला. एवढंच. आता शोधा: ‘तांबडं दिसलं तर पळ’ ही ओळ कुठं आहे? ती सापडली तर मुलीचं प्रोजेक्ट पोकळ आहे आणि तुम्ही जिंकलात. सापडली नाही, तर तिनं जे केलं आणि जे केलं नाही, ते दोन्ही तुमच्या डोळ्यांसमोर येईल. तिनं शेड उभी केली, भट्टी पेटवली, हजेरीचे नियम लावले. त्या शेडमधून जो जॉब बाहेर आला त्याचं ड्रॉइंग तिच्याकडे नव्हतं.

‘बनवणारा’ हा शब्द तुम्ही दोघंही वापरताय, पण तो तुमच्या तोंडी एका अर्थानं येतो आणि तिच्या तोंडी दुसऱ्या. नियम लावणारा वेगळा आणि घाट ठरवणारा वेगळा. फौंड्रीत दोन्ही कामं माणसंच करतात, म्हणून तुम्हाला ती एकच वाटतात.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगते, सापशिडीचे दहा फासे लागतील. दहाही एकदम टाका आणि दहाही षटकार येतात का बघा. एकूण शक्यता ६,०४,६६,१७६. दर दहा सेकंदांना एकदा, दिवसरात्र न थांबता टाकत बसलात तरी सरासरी एकोणीस वर्षं जातील. आता पद्धत बदला. ज्या फाशावर सहा आला तो बाजूला ठेवा, उरलेले पुन्हा टाका. पंधरा-वीस फेकींत काम होईल. ‘एवढी गुंतागुंत योगायोगानं कशी?’ असं म्हणताना आपण पहिली पद्धत मनात धरतो. निसर्गाची चाल दुसरीला जवळची आहे, जमलेलं राखायचं आणि न जमलेलं पुन्हा टाकायचं.

मात्र या खेळात एक खोट आहे आणि ती तुम्ही ताबडतोब पकडाल. सहाच हवा, हे आधीच ठरलेलं होतं, आणि फासे बाजूला ठेवणारा हात तुमचाच. म्हणून फाशांवर थांबून चालत नाही.

तुमच्याच धंद्यातली एक गोष्ट सांगते. १९६० च्या दशकात बर्लिनमध्ये इंगो रेशेनबर्ग आणि हान्स-पॉल श्वेफेल हे तरुण संशोधक एका अडचणीत होते. काही आकार असे असतात की कुठला चांगला हे त्या वेळच्या गणितानं निघतच नव्हतं. श्वेफेल यांच्यासमोर एक नोझल होतं. त्यात तापलेला द्रव शिरतो आणि वाफ होत होत बाहेर पडतो. त्यांनी नोझल एकसंध केलंच नाही. आतून निमुळतं भोक असलेल्या धातूच्या कड्या एकापुढे एक लावून नोझल उभं केलं. मग एखादी कडी बदलायची, एखादी काढायची, एखादी घालायची. कुठली, ते नशिबावर सोडायचं. बेंचवर चालवून बघायचं. आधीपेक्षा बरं चाललं तर ठेवायचं, नाहीतर पूर्वीसारखं करायचं. सुरुवातीला कार्यक्षमता ५५ टक्के होती, शेवटी ती ८० टक्क्यांच्या जवळ गेली. आणि आकार? सगळ्यांना वाटलं होतं की गुळगुळीत, मध्ये गळा आवळलेलं असं काहीतरी येईल. आलं ते आतून फुगवटे आणि पोकळ्या असलेलं. असं ड्रॉइंग कोणी तुमच्या टेबलावर आणून ठेवलं असतं तर तुम्ही ते परत पाठवलं असतं.

हो, त्या कड्या कोणीतरी लेथवर कापल्याच होत्या. बेंच माणसांनीच बांधला आणि कार्यक्षमता वाढवायची हेही माणसांनीच ठरवलं. हे तुम्ही म्हणणार, आणि ते खरं आहे. पण तो फुगवटा कोणाचा? तो कोणाच्याही डोक्यात नव्हता. ‘एवढा कामाचा आकार आहे म्हणजे कोणीतरी आधी मनात आणला असणार’ हा नियम तिथं मोडला, आणि एकदा मोडलेला नियम डोळ्याला, पंखाला लावताना पूर्वीच्या खात्रीनं लावता येत नाही. शिवाय निसर्गात बेंचजवळ कोणी टिपण घेऊन उभं राहावं लागत नाही. कमी पडलेलं अन्न, कडक उन्हाळा, मागे लागलेलं जनावर, यांनीच निवड होते.

पुढच्या गोष्टी मुलीला माहीत असतील, तुम्हीच तिला विचारा. टॉम रे या जीवशास्त्रज्ञानं १९९० च्या सुमारास ‘टिएरा’ नावाचं एक जग कॉम्प्युटरमध्ये केलं. त्यात ८० आज्ञांचा एक छोटा प्रोग्रॅम सोडला, ज्याचं काम फक्त स्वतःची नक्कल काढणं. चुका होऊ दिल्या. थोड्याच वेळात ४५ आज्ञांचे जीव दिसू लागले. ते इतके आखूड होते की स्वतःची नक्कल काढायला त्यांच्याकडे आज्ञाच नव्हत्या. ते शेजाऱ्याच्या आज्ञा वापरून आपली नक्कल काढत. बांडगूळच म्हणा. मग त्या बांडगुळांना दाद न देणारे जीव आले, आणि पुढं बांडगुळांनाच लुबाडणारे. रे यांनी यातलं एकही लिहिलेलं नव्हतं.

आणि ‘अविडा’, असंच आणखी एक कॉम्प्युटरमधलं जग. हे मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्यात उलटतपासणी आहे. लेन्स्की, ऑफ्रिया, पेनॉक आणि अडामी यांनी २००३ मध्ये त्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. दोन संख्यांचे अंक एकास एक जुळतात का हे तपासणं, हे त्या जगातलं अवघड काम. सोप्या कामांनाही थोडा थोडा फायदा ठेवला तेव्हा ५० वस्त्यांपैकी २३ वस्त्या त्या अवघड कामापर्यंत पोचल्या. सोप्या कामांचा फायदा काढून टाकला आणि फक्त अवघडालाच बक्षीस ठेवलं, तेव्हा ५० पैकी एकही पोचली नाही. एकही नाही, भाऊ. म्हणजे ‘पुरेसा वेळ दिला की काहीही होतं’ असं नाही. मधल्या पायऱ्यांचा काही उपयोग असावा लागतो. शिवाय पोचलेल्या वस्त्यांच्या वाटेवर काही पावलं अशी होती की त्या वेळी तोट्याची ठरली आणि पुढं कामी आली. असा हिशेब मांडून कोणी वाट आखत नाही.

मुलीला हा प्रश्न नक्की विचारा: तुझ्या प्रोग्रॅममधली उपासमार बंद केलीस तर काय होतं? सगळ्यांना पोटभर, कोणी मरत नाही, चुका मात्र चालू. मला खात्री आहे की चारशे काय, चार हजार पिढ्यांनंतरही ठिपके वेड्यासारखेच फिरतील. ते तिनं प्रदर्शनात शेजारी चालवून दाखवलं पाहिजे. नाहीतर तिचं प्रोजेक्ट अर्धंच आहे, आणि परीक्षकांच्या आधी हे तिला बापानं सांगितलं तर बरं दिसेल.

आता कॉम्प्युटर बाजूला ठेवते. जांबोटीच्या वाटेला माझ्या मामांचं शेत होतं. एकदा बैलगाडीचं चाक बांधावरच्या वारुळाला घासून गेलं आणि त्याचा ढलपा निघाला. आम्ही पोरं तिथं बसून राहिलो. आत ओल्या मातीच्या गल्ल्या, आणि त्यांतून पांढरट किडे बाहेर येऊ लागले. एकेक जण मातीचा ओला दाणा आणायचा, चिकटवायचा, मागे फिरायचा. आधी सगळा गोंधळ, कुठेही दाणे. मग जिथं दोन-तीन दाणे एकत्र पडले होते तिथंच पुढचे पडू लागले. बारीक खांब उभे राहिले, खांब एकमेकांकडे वाकले. आम्ही जेवून परत आलो तोवर भगदाडाचा काठ आत सरकला होता. मामा म्हणाले, यांचा मुकादम कुठं दिसत नाही. मुकादम नव्हताच. राणी आत असते, पण ती अंडी घालते, हुकूम देत नाही. पुढं शिकताना कळलं की पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९५९ मध्ये हेच सांगितलं होतं: वाळवी नकाशा बघत नाही, शेजारच्या ओल्या दाण्याला उत्तर देते. आधी झालेलं कामच पुढचं काम सांगतं.

त्याच वारुळाला माझी आई नागपंचमीला लाह्या आणि दूध वाहायची. मुकादम नाही हे कळल्यावर मी ते थांबवायला सांगितलं नाही, आणि सांगावंसं कधी वाटलंही नाही.

तेव्हा गुंतागुंतीच्या घाटाला आधी मनात आणणारा कारागीर लागतोच का, या मुद्द्यावर मुलगी बरोबर आहे, तसा लागत नाही. हे मी तुमचं मन राखायला गोल करून सांगणार नाही. पण त्यापुढचं वाक्य, ‘देवाची गरजच नाही’, ते तिच्या पडद्यावर कुठंच उमटलेलं नाही. टिएरातला पहिला ८० आज्ञांचा जीव रे यांनी हातानं लिहिला होता. पृथ्वीवर पहिली नक्कल काढणारी गोष्ट कशी आली, याचं उत्तर त्या जगात नाही आणि मुलीच्या जगातही नाही. नियम मुळात का आहेत, याचंही नाही. ‘प्रोग्रॅम तूच लिहिलास की’ यात तुमचं जे खरं आहे ते हे. ते तिनं मान्य करायला हवं. तसं त्यावरून तुम्हीही लगेच देव सिद्ध झाला म्हणू नका. मुलीचे नियम मुलीनं लिहिले, एवढ्यावरून निसर्गाचेही कोणी लिहिले असं निघत नाही.

तुम्ही बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात कधी गेला आहात का? नसाल तर मुलीला घेऊन जा, अनगोळहून लांब नाही. रट्ट राजांच्या राजवटीत १२०४ साली बांधलेली. छताला दगडाचं कमळ लटकतंय, पाकळी न् पाकळी सुटी. तुमच्यासारख्या हातांनी काम करणाऱ्या माणसाला तिथून लवकर निघवणार नाही. ते कमळ कोणीतरी आधी मनात आणलं, मग दगडात उतरवलं, यात शंकाच नाही. पण ज्यांनी ही बस्ती बांधली ते जैन. जगाला कर्ता नाही, जग अनादी आहे, असं त्यांचा धर्म शतकानुशतकं सांगत आलाय. म्हणजे त्यांच्या लेखी दगडाचं कमळ बनवलेलं आणि तळ्यातलं कमळ न बनवलेलं. आपल्या भागात जैन घरं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. कर्ता न मानता पिढ्यान् पिढ्या उपास-तापास, दया, दान सगळं कडक पाळणारे लोक आपल्या शेजारीच राहतात. मग मुलीच्या ठिपक्यांनी तुमच्या घरातली भक्ती जाईल ही भीती कशाला? तुम्ही माळ घातली तेव्हा गुडघ्याची वाटी इतकी नेमकी कोणी बसवली याचा हिशेब मांडून घातली होती का? विठ्ठलाला तुम्ही माऊली म्हणता. ड्रॉइंग ऑफिसातला माणूस म्हणून त्याला कधी हाक मारली नाही.

घरातलं आता. ‘कॉलेज बंद’ हे तुम्ही मागे घ्या, आजच, आणि विज्ञानाची चर्चा सुरू करायच्या आधी. पत्रात तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण माझ्या मते चूक ती तीच आहे. सव्वीस वर्षं फौंड्रीची धूळ खाऊन तुम्ही तिला इंजिनिअर करताय. ती कमाई एका रागाच्या वाक्यात तुम्ही स्वतःच धमकी करून टाकलीत. तिला ते लागलं असेल, देवाच्या वादापेक्षा कितीतरी जास्त. तिनंही पाहुण्यांसमोर, गणपती बसलेले असताना, बापाच्या श्रद्धेवर असं फटकन बोलायला नको होतं. ते मी तिला भेटले तर तिच्या तोंडावर सांगेन. पण सुरुवात तुम्ही करा, मोठे आहात. ‘माझं चुकलं’ म्हणायला जड जात असेल तर ‘तुझा प्रोग्रॅम मला ओळ न् ओळ दाखव’ म्हणा. तिला पोचेल.

आणि तो पॅटर्न तिला द्या. स्वतः घेऊन जा, प्रदर्शनाच्या दिवशी अर्धा दिवस रजा टाका. फक्त टेबलावर ठेवताना पुट्टीच्या खुणांची बाजू लोकांकडे करून ठेवायला सांगा, आणि आधीच्या जागांवर राइजर ठेवल्यावर किती केसिंग भंगारात गेली ते तिथं उभं राहून तुम्हीच सांगा.